पद्मिनीला मागे कॉइलओव्हर बसवताना: भार कुठे उतरतो ते आधी बघा

तुमचा प्रश्न असा आहे: घरची जुनी प्रीमियर पद्मिनी आहे, मागचे पाटे (लोखंडी पानांच्या स्प्रिंगा) काढून फोर-लिंक (ॲक्सल चार दांड्यांनी धरायची रचना) आणि कॉइलओव्हर (शॉकअपवरच चढवलेली कॉइल स्प्रिंग) टाकायचेत, गाडी फक्त बंद मैदानावरच्या ऑटोक्रॉसला (वेळ लावून होणाऱ्या शर्यतीला) पळवायची आहे. ६ मिमीची प्लेट कापून मूळ शॉकअपच्या जागीच बूटच्या (डिकीच्या) पत्र्याला मिगने (तारेच्या वेल्डिंगने) जोडली तर माउंट टिकेल का, असं तुम्ही विचारलंय.

प्लेट टिकेल. वेल्डिंगही टिकेल. पत्रा टिकणार नाही.

हे मी अनुभवावरून सांगतोय. कोल्हापुरात उद्यमनगराच्या आसपास माझी वीस-बावीस वर्षं फॅब्रिकेशनमध्ये गेली. सुरुवातीच्या काळात एका फियाटला मी नेमकं हेच करून दिलं होतं. दोन सुती (सुमारे सहा मिमीच्या) पट्टीचे ब्रॅकेट, सुबक वेल्ड, वर काळा रंग. पाच-सहा महिन्यांनी गाडी परत आली, मागून टक्-टक् आवाज येतो म्हणून. बूटमधला गालिचा उचलला तर सगळं जागेवर दिसत होतं. मग बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. रंगावर नखाने खरवडलं, तर वेल्डच्या कडेला लागून, वेल्डपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर, चंद्रकोरीसारखा तडा गेलेला होता. आतून तांबड्या गंजाची बारीक रेघ. ब्रॅकेट हाताने हलवलं तर भोवतीचा पत्रा डब्याच्या झाकणासारखा वरखाली होत होता. वेल्ड अखंड, प्लेट अखंड, आणि चाक बूटमध्ये घुसायला दोनेक इंच पत्रा शिल्लक. तो तुकडा मी कापून काढला आणि दुकानात खिळ्याला टांगला, तो अजून तिथेच आहे. नवीन मुलगा कामाला आला की आधी तो हातात देतो.

असं का होतं? मूळ गाडीत मागचा शॉकअप फक्त धक्का शमवायचं काम करतो. वजन तो उचलत नाही. वजन पाटे उचलतात, आणि तेही दोन ठिकाणी वाटून: पुढच्या डोळ्यापाशी (टोकाच्या गोल भोकापाशी) थोडं, मागच्या शॅकलपाशी (मागचं टोक टांगणाऱ्या झुलत्या कडीपाशी) थोडं. त्या दोन्ही जागा कारखान्यात खोक्यासारख्या पट्ट्यांनी मजबूत केलेल्या असतात. शॉकअपच्या वरच्या टोकाला मात्र साधारण एक मिलिमीटरचा पत्रा आणि थोडी घडी, इतकंच. तुम्ही तिथे कॉइलओव्हर लटकवता तेव्हा जे वजन चार जागांवर वाटलेलं होतं ते दोन जागांवर येतं, आणि नेमक्या सगळ्यात कमकुवत दोन जागांवर. जाड प्लेटने हे सुटत नाही, उलट वाढतं. जाड प्लेट वाकत नाही, त्यामुळे सगळं वाकणं तिच्या कडेच्या त्या दोन मिलिमीटरच्या पट्टीत होतं. वेल्डच्या उष्णतेने ती पट्टी आधीच कडक झालेली असते, म्हणून तिथेच तडकते.

पाटे हे वजन उचलण्यापलीकडे आणखी दोन कामं करतात. ॲक्सल पुढेमागे आणि आडवा हलू देत नाहीत, आणि गाडीला वेग देताना किंवा ब्रेक मारताना ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो ते थोपवतात. पाटे काढले की ही तिन्ही कामं तुमच्या ब्रॅकेटांवर आली. म्हणून कटरला हात लावण्याआधी एक विचारतो: पाटे खरंच काढायलाच हवेत का? मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी डोक्यावर कॅरिअर आणि कॅरिअरवर ट्रंका घेऊन याच पाट्यांवर दशकानुदशकं चालल्या. शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. इंजिन मूळ १०८९ सीसीचंच ठेवणार असाल तर नवे बुश (सांध्यांतल्या रबरी नळ्या), एक पान कमी केलेला पाटा, चांगले शॉकअप आणि पुढून ॲक्सलला अडवणाऱ्या दोन दांड्या इतक्यात ऑटोक्रॉसची गाडी छान होते. दुसरं मोठं इंजिन घालणार असाल आणि चाक उड्या मारत असेल, तर मात्र फोर-लिंकला अर्थ आहे. तुमचा बेत हा मोठ्या इंजिनाचाच आहे असं गृहीत धरून पुढे लिहितो.

रस्त्यावर नेणार नाही म्हणालात ते बरं केलंत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. मैदानावर गाडी ट्रेलरवरूनच न्या.

आता आकडे. आकड्यांशिवाय ब्रॅकेट कापू नका, कारण इथे डोळ्यांचा अंदाज फसतो. पद्मिनी रिकामी सुमारे ९०० किलो. चालक धरून ९७० म्हणू. त्यातलं ४५ टक्के मागे धरलं तर ४३५ च्या आसपास. ॲक्सल, चाकं, ड्रम हे ९० किलो स्प्रिंगच्या खालचं, ते वजा केलं तर स्प्रिंगवर ३४५, म्हणजे एका बाजूला साधारण १७३ किलो. खड्ड्यात किंवा उडी मारून उतरताना याच्या तिप्पट धरायचं, ही माझी नेहमीची सवय. म्हणजे एका कॉइलओव्हरच्या वरच्या माउंटवर ५२० किलो, सुमारे ५.१ किलोन्यूटन. तुमची गाडी तराजूवर घालून खरे आकडे काढा; भंगारवाल्याकडचा किंवा ट्रक वजनकाटाही चालतो, आधी फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन वजन करायचं आणि मग पुढची.

हे ५२० किलो बोल्टसाठी काहीच नाही. ८.८ ग्रेडचा एम १२ बोल्ट कापला जायला चाळीस किलोन्यूटनच्या आसपास जोर लागतो, तोही आटे असलेल्या भागात. म्हणून बोल्ट एम १२ घ्यायचा की एम १४ यावर रात्री घालवू नका. बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला आहे ना, एवढं बघा. एकाच कानाला (बोल्टसाठी भोक असलेल्या उभ्या पट्टीला) बाहेर लोंबणारा बोल्ट तुटतो, पण तो कापला जाऊन नव्हे, तर वाकून वाकून.

वरच्या माउंटसाठी मी बूटच्या पत्र्याला हातच लावत नाही. ॲक्सलच्या वर, डाव्या लाँग मेंबरपासून (गाडीच्या लांबीत खालून जाणाऱ्या खोक्यासारख्या पट्टीपासून) उजव्यापर्यंत एक आडवा चौकोनी पाइप टाकतो आणि कॉइलओव्हरचे कान त्याला. भार पाइपमधून लाँग मेंबरमध्ये जातो, पत्र्याला काही कळतही नाही. पाइप किती जाड? कॉइलओव्हर मेंबरपासून १५० मिमी आत आहे असं धरा. ४० × ४० × ३ चा पाइप त्या तिप्पट भाराला जवळपास १५० मेगापास्कल ताण घेतो. ५० × ५० × ३ घेतला तर तोच ताण ९२ वर येतो. साध्या आयएस २०६२ पोलादाची सहनशक्ती २५० ची, म्हणजे दोन्ही पाइप एका धक्क्याला टिकतील. पण हा धक्का एकदाचा नसतो, हजारो वेळा बसतो, आणि थकव्याने जाणारा तडा २५० ची वाट बघत नाही. एवढ्याशा लांबीत दहा मिलिमीटरच्या फरकाने वजन किलोभरच वाढतं. ५० चाच घ्या. बूटची जागा थोडी जाते, जाऊ द्या.

पाइपची टोकं लाँग मेंबरला कशी जोडायची, हे या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. आधी लाँग मेंबर जिवंत आहे का ते बघा. पद्मिनी कोकणात किंवा मुंबईत राहिलेली असेल तर मागच्या शॅकलजवळचा भाग हमखास खाल्लेला असतो. वरचा काळा लेप खरवडून काढा आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन हातोडीने हलके ठोकत जा. चांगला पत्रा टणटणतो, खाल्लेला बद्द वाजतो आणि मग टोक आत जातं. टोक आत गेलं तर थांबा. आधी तेवढा भाग कापून नवा पत्रा भरायचा, मग पुढचं बोलायचं. गंजलेल्या पट्टीवर प्लेट झाकून वेल्ड करणारे खूप आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका.

मेंबर चांगला असेल तर त्यावर ३ मिमीची बसकी प्लेट घ्या, साधारण १५० × १२० मिमीची. कोपरे गोल करा, चांगले अंगठ्याएवढे गोल. तीक्ष्ण कोपरा म्हणजे तड्याला दिलेलं आमंत्रण. प्लेट फक्त सपाट भागावर न बसवता मेंबरच्या कडेवरून खाली वळवा, म्हणजे ती दोन बाजूंना धरते. प्लेटमध्ये ८ मिमीची भोकं ३५–४० मिमी अंतराने पाडा आणि त्या भोकांतून खालच्या पत्र्याला प्लग वेल्ड करा. कडेने सलग वेल्ड नको; पंचवीस मिमी वेल्ड, पंचवीस मोकळं, असं. अशाने भार वीस-पंचवीस ठिपक्यांत वाटला जातो आणि कडेची ती जीवघेणी पट्टी सलग कडक होत नाही. मग त्या ३ मिमीच्या प्लेटवर ५ मिमीचं काम. एक मिमी, तीन मिमी, पाच मिमी, अशा पायऱ्यांनी जाडी चढली पाहिजे. एकावरून थेट सहावर उडी मारली म्हणून माझी ती फियाट फाटली.

बोल्ट खोक्यातून आरपार जाणार असेल तर आत नळी घालाच, जिला आपण स्लीव्ह म्हणतो. नाहीतर बोल्ट आवळताना खोकं दबतं, महिन्याभरात बोल्ट ढिला होतो, पुन्हा आवळला की आणखी दबतं. भोक मोठं करून नळी दोन्ही बाजूंना वेल्ड करायची आणि मग आतून बोल्ट.

बंपस्टॉप विसरू नका. कॉइलओव्हर खाली टेकला की पुढचा सगळा धक्का त्याच्या दांड्याला आणि तुमच्या वरच्या कानाला. ॲक्सलवर रबराचा वेगळा ठोकळा आणि वर त्याला टेकायला लाँग मेंबरवर बसकी प्लेट द्या, आणि शॉकअप टेकायच्या दहा-बारा मिमी आधी तो ठोकळा लागला पाहिजे. मी पाहिलेली अर्ध्याहून जास्त तुटलेली माउंटं बंपस्टॉप नसलेल्या गाड्यांची होती.

स्प्रिंग किती कडक? एका बाजूला १७३ किलो आणि ऑटोक्रॉससाठी सेकंदाला १.६ हेलकावे हवेत, तर १७–१८ न्यूटन प्रति मिमी येतं. बाजारात पाउंड-इंचात मागितलं तर १०० ची स्प्रिंग. पण हे कॉइलओव्हर उभा असेल तरच. तिरका केला की तो मऊ होतो: २० अंशांना ८८ टक्के उरतो, ३० अंशांना ७५, ४५ ला निम्मा. दिसायला छान म्हणून फार तिरके करू नका. पंधरा-वीस अंश पुरे.

आता लिंक. इथे लोक वरच्या आणि खालच्या लिंकमधलं अंतर जागा मिळेल तसं ठेवतात. त्याची किंमत ब्रॅकेट भरतं. मागच्या टायरांची पकड साधारण ५ किलोन्यूटन धरू, चाकाची त्रिज्या ३०० मिमी. खालची लिंक ॲक्सलच्या मध्यापासून ७५ मिमी खाली आणि वरची १२५ मिमी वर, म्हणजे मधलं अंतर २००, असं असेल तर जोरात निघताना खालच्या दोन लिंकमध्ये मिळून १०.६ किलोन्यूटन दाब येतो आणि वरच्या दोनमध्ये ५.६ ओढ. तेच अंतर शंभरावर आणलं, पन्नास वर आणि पन्नास खाली, तर खालच्या लिंकवर १७.५ होतात. गाडी तीच, इंजिन तेच, फक्त ब्रॅकेट बुटकं केलं. म्हणून डिफरन्शियलच्या वर जितकी उंची मिळेल तितकी घ्या. मागच्या सीटखालचा पत्रा थोडा उचलावा लागला तरी चालेल. ब्रेक मारताना हेच जोर उलटे येतात, हेही लक्षात असू द्या. दगडाला चाक आपटलं तर एकाच लिंकवर याच्या तिप्पट येऊ शकतं. माझी प्लेट मी त्या तिपटीला धरतो.

खालच्या लिंकचं पुढचं टोक मी नेहमी पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या मूळ जागी घेतो. कारखान्याने तिथे पुढेमागे ओढ सोसायची सोय आधीच केलेली आहे, ती वाया का घालवायची? फक्त लिंक बाजूने बघितली तर गाडी नेहमीच्या उंचीवर उभी असताना जवळजवळ आडवी हवी. पुढचं टोक फार वर ठेवलं तर गाडी निघताना मागे बसणार नाही हे खरं, पण वळणावर बाहेरचं चाक मागे सरकतं, आतलं पुढे, आणि मागचा ॲक्सल स्वतःच स्टिअरिंग करायला लागतो. मैदानावर ते फार भीतीदायक होतं. ब्रॅकेटला २० मिमी अंतराने दोन-तीन भोकं ठेवा, नंतर बदलता येईल. भोकाच्या मध्यापासून प्लेटच्या कडेपर्यंत भोकाच्या दुप्पट अंतर हवं, म्हणजे १२ च्या बोल्टला २४ मिमी. भोकं गॅसने मुळीच पाडू नका. पुठ्ठ्याचा नमुना करा, गाडीवर लावून बघा, मग ड्रॉइंग करून एमआयडीसीत लेझरने कापून आणा. डाव्या-उजव्या जोड्या हुबेहूब सारख्या येतात, आणि दिवसभर ग्राइंडर मारण्यापेक्षा स्वस्त पडतं.

ॲक्सल आडवा धरायला वरच्या लिंक त्रिकोणी करण्यापेक्षा पद्मिनीला पॅनहार्ड रॉड, म्हणजे एक टोक ॲक्सलला आणि दुसरं बॉडीला बांधलेली आडवी दांडी, बरा. त्रिकोणी लिंकसाठी मागच्या सीटखाली मधोमध भक्कम आडवा मेंबर लागतो, तो इथे नाही, आणि लिंक ४५ अंशांत ठेवल्या की त्यांच्यावरचा जोर चाळीस टक्क्यांनी वाढतो तो वेगळाच. शिवाय आपल्याकडे याचा चालता नमुना आहे: प्रीमियरचीच ११८ एनई, फियाट १२४ च्या वंशातली. मागे तसाच अखंड ॲक्सल, पण कॉइल स्प्रिंगवर, लिंकनी धरलेला आणि पॅनहार्ड रॉडने आडवा बांधलेला. कुठे मिळाली तर खाली पडून तासभर बघा. ब्रॅकेट केवढं रुंद आहे, पत्रा कुठे दुहेरी केलाय, रॉडचं बॉडीकडचं टोक किती पसरून धरलंय, हे सगळं तिथे आयतं दिसतं.

पॅनहार्ड लांब ठेवा आणि नेहमीच्या उंचीला आडवा. ९०० मिमीचा रॉड असेल तर ॲक्सल ५० मिमी वर गेल्यावर बाजूला १.४ मिमी सरकतो, ५०० चा असेल तर २.५. हे ठीकच आहे. खरी अडचण त्याच्या बॉडीकडच्या टोकाची. ते लाँग मेंबरखाली १५०–२०० मिमी लोंबतं, आणि वळणावर त्याला आडवे साडेचारशे किलो लागतात. २०० मिमीच्या दांड्याने साडेचारशे किलोने मेंबर पिळला तर तो पिळला जाणारच. त्या लोंबत्या ब्रॅकेटच्या खालच्या टोकापासून समोरच्या मेंबरकडे जाणारा एक तिरका पाइप टाका. २५ मिमीचा साधा पाइप पुरतो. तो टाकला की पिळाचं रूपांतर सरळ ओढीत होतं.

बुश कोणते? दोन्ही टोकांना कडक पॉलियुरेथेन नको. गाडी एका बाजूला कलली की लिंक स्वतःभोवती थोड्या पिळल्या जातात. त्यांना पिळू दिलं नाही तर तो पीळ ब्रॅकेटमध्ये जातो आणि तिथे तडा जातो. एका टोकाला रबर, दुसऱ्याला पॉली किंवा रॉड एंड (लोखंडी गोळ्याचा सांधा) असं ठेवा. रॉड एंड धुळीत लवकर वाजायला लागतात, त्यांना रबरी टोपण घाला. मागे लिंक आणि कॉइल असलेल्या जुन्या सफारीसारख्या गाड्यांचे बुश सगळीकडे मिळतात, तेही उपयोगी पडतात. बुश हातात आल्यावरच कानांमधलं अंतर ठरवा: बुशच्या आतल्या लोखंडी नळीच्या लांबीपेक्षा अर्धा मिमी जास्त, इतकंच. तीन मिमी सैल ठेवलं तर बोल्ट आवळताना कान आत वाकतात आणि वेल्डवर कायमचा ताण राहतो. आणि रबरी बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर, नेहमीच्या उंचीवर उभी असतानाच शेवटचे आवळा. जॅकवर लटकत असताना आवळले तर गाडी खाली उतरताच रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

आता जागा निश्चित करायची रीत. यासाठी महागडं काही लागत नाही, गवंड्याची हत्यारं पुरतात. गाडी चार घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या, घोड्या सिलच्या (दाराखालच्या पट्टीच्या) मजबूत भागाखाली. पाण्याची पारदर्शक नळी घ्या, गवंडी घर बांधताना वापरतात तीच. एक टोक पुढच्या डाव्या सिलपाशी, दुसरं मागच्या उजव्यापाशी, आणि पाणी दोन्हीकडे एकाच खुणेला येईपर्यंत घोड्यांखाली पत्र्याच्या चकत्या घालत जा. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर ती खोटं सांगते. मग ओळंबा. पुढच्या सस्पेन्शनच्या दोन सारख्या बिंदूंवरून, आणि मागे पाट्याच्या डोळ्यांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा. कर्ण मोजा, दोन्ही कर्ण दोन मिमीच्या आत जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर गाडी कधीतरी ठोकलेली आहे, आणि ते आत्ताच कळलेलं बरं. मधोमध दोरी मारून खडूची रेघ ओढली की ती तुमची मध्यरेषा, आणि यापुढचं प्रत्येक माप तिच्यापासून. चाकाच्या कमानीपासून मापं घेऊ नका. त्या जुन्या कमानी डावीकडे-उजवीकडे सारख्या नसतात.

ॲक्सल खाली त्याच्या नेहमीच्या उंचीवर ठोकळ्यांवर ठेवा, स्प्रिंगशिवाय. पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये प्रोपेलर शाफ्ट जोडतो त्या दांड्याचा) कोन गिअरबॉक्सच्या शाफ्टला समांतर, आणि बुश दबतात म्हणून एक-दोन अंश खाली झुकलेला. ब्रॅकेटांना फक्त टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारा. मग ॲक्सल वरून खालपर्यंत पूर्ण हलवून बघा, वर ७० मिमी, खाली ७० मिमी, आणि नंतर एक चाक वर, एक खाली. ब्रेकची नळी ताणली जाते का, सायलेन्सर लागतो का, टायर घासतो का, प्रोपेलर शाफ्टच्या स्लिप जॉइंटला (लांबी कमीजास्त होऊ देणाऱ्या सरकत्या सांध्याला) दोन्हीकडे जागा उरते का, हे सगळं टाक्यांवर असतानाच दिसलं पाहिजे. मी या टप्प्यावर काम एक रात्र तसंच सोडतो आणि सकाळी पुन्हा सगळी मापं घेतो. सकाळच्या मापात निघालेली चूक टाका तोडून सुधारता येते.

वेल्डिंगबद्दल थोडं. पेट्रोलची टाकी आणि तिची नळी आधी गाडीतून काढून दुकानाबाहेर न्या, रिकामी असली तरी; रिकाम्या टाकीतली वाफच धोक्याची. बॅटरी सोडा, अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा, आत गालिचा किंवा डांबरी लेप उरला असेल तर दुसऱ्या माणसाला पाण्याची बादली घेऊन आत बसवा. पत्र्याला ०.८ ची तार असलेला मिग, ॲक्सलवरच्या ५ मिमीच्या कामाला ३.१५ ची ७०१८ रॉडही उत्तम, पण ती कोरडी हवी. पावसाळ्यात उघडं राहिलेलं पाकीट नको. गाडीवर चढण्याआधी त्याच जाडीचे दोन तुकडे त्याच सेटिंगवर जोडा, शिकंज्यात धरा आणि हातोडीने वाकवून तोडा. पत्रा फाटला तर सेटिंग बरोबर. वेल्ड सुटला तर करंट वाढवा, पुन्हा तुकडा तोडा.

वेल्ड ओढतो. दोन कानांच्या मध्ये बुशच्या लांबीचा नळीचा तुकडा घालून बोल्ट आवळून ठेवा आणि थंड होईपर्यंत काढू नका, नाहीतर कान आत झुकतील. ॲक्सलच्या नळीला एकाच बाजूने सलग वेल्ड मारला तर नळीच केळीसारखी वळते. मग बेअरिंग आणि सील वर्षभरात जातात. एक इंच इथे, एक इंच तिकडच्या टोकाला, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. नळीच्या भोवती आडवा वेढा घालू नका, वेल्ड शक्यतो नळीच्या लांबीत घ्या. आधी आणि नंतर सरळ पट्टीने आणि दोरीने तपासा. ब्रेक ड्रम, शाफ्ट, सील हे सगळं त्याआधी बाहेर काढलेलं असू दे. आणि ब्रॅकेटच्या टोकाला वेल्ड कोपऱ्यावर संपवू नका, वळसा घालून पुढे न्या.

सगळं झालं की लाल-पांढरा डाय पेनेट्रंट स्प्रे मारून प्रत्येक वेल्ड बघा. बारीक तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मग रेड ऑक्साइड आणि वर फिका रंग द्या, पांढरा किंवा राखाडी. काळा नको, काळ्यावर तडा दिसत नाही. माउंटाजवळ लांबी (पुट्टी) भरू नका, त्याच कारणाने. खोक्यांच्या आत मेण सोडा. प्रत्येक नटापासून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ मारा, नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

पहिल्या दिवशी मैदानावर दोन-चार संथ फेऱ्या मारा, खाली झोपून रेघा बघा, मग थोडं जोरात. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर आणि पुढे प्रत्येक स्पर्धेनंतर माउंट पुसून टॉर्चने बघा, विशेषतः ३ मिमीच्या प्लेटची कड आणि पॅनहार्डचं बॉडीकडचं टोक. आणि एक काम आजच करा, पाटे अजून गाडीवर आहेत तोवर: गाडी सपाट जागी उभी करून ॲक्सलच्या मध्यापासून लाँग मेंबरपर्यंतची उंची आणि दोन्ही सिलची जमिनीपासूनची उंची मोजून लिहून ठेवा. पाटे निघाले की ही मापं पुन्हा मिळत नाहीत.